वढवाणा: पिकांसाठी बांधलेलं, पाखरांनी जोडलेलं तळं

बडोद्याच्या आग्नेयेला तीसेक किलोमीटरवर डभोई लागते. मराठी वाचकाला हे नाव १७३१ च्या लढाईमुळे ठाऊक असतं. सेनापती त्र्यंबकराव दाभाडे इथेच पडले. पण हा तालुका जगतो कशावर, हे पाहायचं तर हिरा भागोळ या दरवाज्याचं कोरीवकाम बघून झाल्यावर वढवाणा तलावाचा बांध गाठावा.

मुलूख सपाट, माती काळी. ओरसंग नदी पूर्वेच्या डोंगराळ आदिवासी पट्ट्यातून येते आणि चांदोदजवळ नर्मदेला मिळते. पावसाळ्यात ती दुथडी वाहते, उन्हाळ्यात पात्रात वाळूच उरते. जमिनीतली ओल धरून ठेवणाऱ्या या मातीत कापूस आणि तूर तग धरतात. इथला माल मुंबईच्या मुख्य लोहमार्गापर्यंत पोचावा म्हणून खंडेराव गायकवाडांच्या काळात, १८६२ मध्ये, डभोई ते मियागाम असा अरुंद लोहमार्ग झाला. सुरुवातीला त्यावरचे डबे बैल ओढत.

भाताचं आणि गव्हाचं मात्र नुसत्या ओलीवर भागत नाही. त्यातच १८९९-१९०० च्या ‘छप्पनिया’ दुष्काळानं गुजरात होरपळून निघाला. पुढच्या दशकभरात सयाजीराव महाराजांच्या राज्यानं वढवाण्याचं काम उभं केलं आणि १९१० मध्ये तलाव तयार झाला. ओरसंगवर जोजव्याला बंधारा, तिथून कालव्यानं पाणी तलावात आणि तलावातून पाटांनी पंचवीस गावांच्या शेतांत, अशी ही सरळ योजना. नदीचं चार महिन्यांचं पाणी तिनं रब्बीपर्यंत पुरवलं.

या पाण्यामागून पाखरं आली. रब्बीला पाणी सुटू लागलं की तलावाची पातळी उतरते, काठाचा चिखल उघडा पडतो आणि चिखलातले किडे टिपणाऱ्या पाणपक्ष्यांची सोय होते. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब आसपासच्या शेतांत चरतात. पश्चिम भारतात एरवी क्वचित दिसणारी मोठी लालसरी इथे दर हिवाळ्यात आढळते. मध्य आशियाई मार्गानं स्थलांतर करणाऱ्या ऐंशीहून अधिक जातींचा इथे हिवाळी मुक्काम असतो. २०२१ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर करारानुसार वढवाण्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ज्या कराराची कचेरी दूर स्वित्झर्लंडमधल्या ग्लांड गावी आहे, त्याच्या यादीत डभोईचा हा सिंचन तलाव नोंदला गेला.

पाहायला जायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पहाटे पोचावं, दुर्बीण सोबत असावी. पक्षी पाहून झाले की बांधाखालच्या गहू-भाताच्या शेतांतूनही फिरावं. ही शेतं तलावाचाच भाग आहेत. शेतकऱ्यासाठी पाणी अडवलं म्हणून पाखरांना घर मिळालं. शेती परवडेनाशी झाली, तर हे पाणी राखण्याची निकड कुणाला उरेल? म्हणून पक्षी मोजणाऱ्यांनी पाटाचं पाणी शेवटच्या गावापर्यंत पोचतं का, हेही दर वर्षी विचारायला हवं.