त्रिपुराच्या वाती

आषाढी एकादशी ते त्रिपुरी पौर्णिमा, असे चार महिने आमच्या डोंबिवलीच्या घरात दुपारी पंखा लागत नसे. कापूस उडतो म्हणून. जेवणं आटोपली की आजी दाराच्या आडोशाला पाटावर बसायची आणि आम्ही घाम पुसत तिच्याकडे बघत राहायचो.

कापूस देवकापसाचा. शेतातली कपाशी दरवर्षी उपटतात, हे झाड मात्र चाळीमागे वर्षानुवर्षं उभं होतं. बोंडातली सरकी ती बोटांनी काढायची, मग कापूस चिमटीनं इतका विंचरायची की पलीकडचं दार दिसावं. खरं काम इथंच. विंचरताना गाठ राहिली की तूप तिथंच अडतं. मग बोटांना चिमूटभर भस्म, घामानं कापूस चिकटू नये म्हणून. डाव्या तळव्यावर कापूस आणि त्यावरून उजवा तळवा एकदाच पुढे. मागे आणायचा नाही. मागे आणला की पीळ उलगडतो. शेवटी टोकाला दुधाचं बोट.

पीळ फार घट्ट बसला तर तूप वर चढत नाही, ज्योत मरते. सैल राहिला तर कापूसच जळतो आणि काजळी धरते. “मग नेमका किती?” असं विचारलं की ती म्हणायची, “हाताला कळतं.” हे उत्तर मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. हाताला कळायच्या आधी कुणीतरी सांगावं लागतंच की!

त्रिपुरासाठी 750 वाती. कुणी 750 पदरांची एकच वात करतात, आजी सुट्या करायची. पन्नास-पन्नासच्या पंधरा पुड्या, जुन्या पंचांगाच्या कागदात बांधलेल्या. एकदा मी शाळेतल्या हस्तकलेसाठी, सशाच्या मिशांना, तीन वाती पळवल्या. संध्याकाळी ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे कापूस ठेवला आणि म्हणाली, “तीन.” मला त्या तीन वातींना अख्खी दुपार लागली.

फडके रोडच्या गणेशमंदिरात ती कापसाची वस्त्रं द्यायची. ते मंदिर 1924 सालचं, म्हणजे माझ्यापेक्षा थोडंसंच मोठं, असं ती कौतुकानं सांगे. त्रिपुर मात्र ठाण्यालाच, मासुंद्याच्या काठी कौपिनेश्वरापुढे. माहेर तिकडचं, त्यामुळे यात भक्ती किती आणि माहेरची ओढ किती, ते शंकरालाच ठाऊक.

पौर्णिमा तोंडावर आली आणि वाती कमी पडल्या की ती ठाण्याला जाताना गाडीतही वळायची. लेडीज डब्यात बायका मटार सोलायच्या, मेथी निवडायच्या, त्यात ही एक. वारा लागू नये म्हणून कापूस पदराखाली. तेव्हाची फास्ट गाडी पारसिकच्या बोगद्यातून जायची. 1916 सालचा तो बोगदा सव्वा किलोमीटरहून लांब आहे. एकदा आत शिरताच डब्यातले दिवे गेले. मी तिचा हात धरायला गेले तर हात रिकामा नव्हता. तळव्यावरून तळवा सरकल्याचा कोरडा, भस्माचा आवाज येत होता. उजेडात आलो तेव्हा मांडीवर चार वाती जास्त होत्या. बाहेर पडल्यावर तिनं फक्त कळव्याची खाडी येताना पदर घट्ट धरला, कारण तिथं वारा सुटतो.

आता जांभळी नाक्यावर यंत्राच्या वातींची पाकिटं मिळतात. उगाच नावं ठेवणार नाही, बऱ्या जळतात. मीही आणते.

ती गेली ती आश्विनात. डब्यात अकरा पुड्या निघाल्या. उरलेल्या दोनशे वाती पाकिटातल्या घालाव्यात की नाही, यावर घरात दोन दिवस वाद झाला. शेवटी आत्या पाटावर बसली, पंखा बंद केला. तिच्या वाती पोटाशी जाड आणि टोकाला वाकड्या झाल्या. पौर्णिमेला आम्ही सगळ्या वाती एकाच पातेल्यात तुपात भिजवून कौपिनेश्वराला नेल्या. ढीग पेटला. आत्या बराच वेळ वाकून बघत होती.

“माझ्या कुठल्या, दिसतायत का गं?”

“धूर येतोय ना, त्या.”