पुरावा कोणाच्या देहाचा?

खामगावच्या कापूस बाजारात माझ्या थोरल्या भावाने हयातभर हमाली केली. अंगाने काटक, पोट पाठीला लागलेले. एका उन्हाळ्यात त्याला सारखी तहान लागू लागली. रात्री चार-चार वेळा उठावे लागे आणि पोते उचलताना पाय लटपटत. एका डॉक्टरने अशक्तपणा ठरवून दर आठवड्याला बाटली लावली. त्या बाटलीत ग्लुकोज, म्हणजे साखरच होती, हे मला फार पुढे कळले. मी शिक्षक. मी म्हणालो, "दादा, एकदा शुगर तपासून घे." तो हसला. "मले काय शुगर होते रे? ते त शेठले होते, बसून खाणाऱ्याले." मीही जोर धरला नाही, कारण माझ्याही मनात तेच होते. पुढे पायात खिळा रुतला आणि त्याला तो रुतल्याचे कळलेसुद्धा नाही. जखम चिघळली, अंगठा काढावा लागला, आणि तेव्हा कुठे रक्त तपासले गेले. मग कुणीतरी झाडपाल्याची पूड दिली. बरे वाटले म्हणून दादाने गोळ्या सोडल्या. मूत्रपिंडे निकामी होऊन तो गेला.

दादाचा बळी केवळ रोगाने घेतला नाही. 'हा रोग श्रीमंतांचा' ही समजूत, 'बाटलीने ताकद येते' ही समजूत आणि 'पुडीने साखर जाते' ही समजूत, या तिन्हींनी मिळून तो घेतला. यांपैकी एकीलाही पुरावा नव्हता. ऐकीव आहे, परंपरेने चालत आले आहे, मोठ्या माणसाने सांगितले आहे, एवढ्यावरून काही मानू नका, स्वतः पडताळा, असे बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले होते. धर्मग्रंथांच्या बाबतीत आपण हे शिकलो. औषधाच्या बाटलीच्या बाबतीत मात्र आपण अजून श्रद्धाळूच आहोत.

वैद्यकात पुरावा म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. पुडी घेतली आणि दोघांना बरे वाटले, हा पुरावा नव्हे. ज्यांना बरे वाटले नाही ते सांगायला येत नाहीत, आणि पुडीवाला त्यांची नोंद ठेवत नाही. म्हणून सारख्या स्थितीतल्या माणसांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे, एका गटाला उपचार द्यायचा, दुसऱ्याला नेहमीचाच सल्ला द्यायचा, आणि काही वर्षांनी दोन्हींतली माणसे मोजायची. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी असाच एक प्रयोग करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. साखर वाढलेली, पण अजून मधुमेह न जडलेली ५३१ माणसे त्यांनी घेतली. तीन वर्षांत, नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटात शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला. आहार आणि चालणे यांवर सतत पाठपुरावा केलेल्या गटात हे प्रमाण सुमारे ३९ राहिले. मेटफॉर्मिनची गोळी दिलेल्या गटात ते सुमारे ४० होते. दोन्ही एकत्र देऊन जास्तीचा लाभ झाला नाही. म्हणजे हा रोग बऱ्याच जणांत रोखता येतो, आणि तो रोखायला महागडे काही लागत नाही.

पण इथेच थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. ही माणसे कोण होती? ती मुख्यतः नोकरदार मध्यमवर्गातली होती. ५३१ पैकी स्त्रिया अवघ्या ११०. माझा दादा त्यांत नव्हता, आणि सोयाबीनच्या सोंगणीला जाणारी माझी वहिनीही नव्हती. याचा अर्थ निष्कर्ष खोटे आहेत असा नाही. आपल्यापर्यंत आणताना ते पुन्हा पारखून घ्यावे लागतील, एवढाच त्याचा अर्थ आहे. दिवसभर पोती वाहणाऱ्याला 'रोज अर्धा तास चाला' असे सांगणे ही थट्टाच होईल.

आपला देह कसा आहे, याविषयीचे मोलाचे काम महाराष्ट्रातच झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपले बाळ स्नायूंनी कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्याने बरीचशी राखलेली. वरून किडकिडीत, आतून मेदयुक्त. गरोदरपणात जी बाई अधिक कष्टाची कामे करत होती, तिचे बाळ अधिक लहान, असेही याच अभ्यासात दिसले. २००४ साली याज्ञिकांनी लंडनचे डॉ. युडकिन यांच्यासोबत स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के.

हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात ज्या बाया गरोदर होत्या, त्यांची मुले मोठेपणी साखर नीट पचवू शकत नाहीत, असे पुढे आढळले. आता आपल्या आज्यांचा विचार करा. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या, नवव्या महिन्यापर्यंत निंदण-खुरपण करणाऱ्या, आणि १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून मिलो खाल्लेल्या बाया. त्यांच्या पोटी आलेल्या माणसांचा असा अभ्यास झाला पाहिजे, ही मागणी आपणच केली पाहिजे. हडकुळेपणा हे कवच नाही, एवढे तर आजच सिद्ध आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०१७ साली आले, त्यांत महाराष्ट्राच्या शहरी भागात मधुमेहाचे प्रमाण वरच्या आर्थिक स्तरापेक्षा खालच्या स्तरात अधिक दिसले. दादा म्हणत होता तो 'शेठचा रोग' आता शेठच्या हमालाच्या घरी मुक्कामाला आला आहे.

मोजण्याच्या साधनांचेही असेच आहे. 'तीन महिन्यांची साखर' म्हणून जी तपासणी करतात, ती तांबड्या रक्तपेशीला किती साखर चिकटली ते सांगते. पेशी सुमारे १२० दिवस जगते, हे त्यामागचे गृहीत. पण विदर्भात आपल्या आणि आदिवासी समाजात सिकलसेल आढळतो. नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी यांनी १९५८ सालीच त्याची नोंद केली होती. सिकलसेलच्या रुग्णाच्या पेशी लवकर फुटतात, म्हणून आकडा खोटा कमी येतो. अमेरिकेतील काळ्या लोकांच्या २०१७ च्या एका अभ्यासात, ज्यांना रोग नव्हता पण सिकलसेलचा केवळ वारसा होता, त्यांच्यातही हा आकडा सुमारे ०.३ ने कमी दिसला. उलट, लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर आकडा चढा येऊ शकतो, आणि आपल्या बायांत रक्त कमी असणे नवे नाही. म्हणून आपल्या वस्तीत या एकाच आकड्यावर विसंबू नये. उपाशीपोटीची साखर १२६ किंवा अधिक, अथवा ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा अधिक, ही कसोटीही लावून घ्यावी.

उपचारांचा पुरावा अधिक ठाम आहे. इंग्लंडमध्ये १९७७ ते १९९७ अशी वीस वर्षे पाच हजारांहून अधिक नव्या रुग्णांचा अभ्यास झाला. साखर नेटाने आटोक्यात ठेवल्यास डोळे आणि मूत्रपिंडांच्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे पाव हिश्श्याने घटले. त्याच अभ्यासात रक्तदाब आटोक्यात ठेवलेल्या रुग्णांत मधुमेहाशी निगडित मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले. म्हणजे शुगरवाल्याने दाब न तपासणे म्हणजे अर्धाच उपचार. आपल्या जिल्ह्यात तर मूत्रपिंडाकडे दुप्पट लक्ष हवे. संग्रामपूर, जळगाव जामोद या खारपाणपट्ट्यातील गावांत मूत्रपिंडाच्या रोग्यांचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजतो आहे. तिथल्या शुगरवाल्याने वर्षातून एकदा लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनीन तपासावे, आणि अंगदुखीवर दुकानातून आणलेल्या गोळ्या मनाने खाऊ नयेत.

झाडपाल्याचा मला राग नाही. मेटफॉर्मिनचे मूळसुद्धा युरोपातल्या एका रानझाडात आहे. त्यातील विषारी भाग ओळखला गेला, सुरक्षित रेणू बनवला गेला, तो माणसांवर मोजला गेला, आणि म्हणून ते औषध झाले. पुडीवाल्यालाही हाच नियम लावा. आणि इन्सुलिन शोधणाऱ्यांनी त्याचे हक्क विद्यापीठाला नाममात्र एका डॉलरला देऊन टाकले होते, हे ध्यानात ठेवा. ज्ञान सर्वांचे व्हावे म्हणून ते दिले गेले. ते उपकेंद्रापर्यंत पोचत नसेल, तर दोष ज्ञानाचा नाही.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. पायांच्या वेदनांनी ते बेजार असत. इन्सुलिन, पथ्य आणि १९४८ पासून डॉक्टर पत्नीची देखरेख यांच्या आधारे ते अखेरपर्यंत लिहीत राहिले. त्यांच्या लेखनाचा भर पुराव्यावर आहे. त्यांच्या अनुयायाने आपल्या आजारात तरी पुराव्याविना काही गिळू नये.

कार्यकर्ते, विद्यार्थी आणि शिक्षक यांच्या हाती काय आहे? विहारात किंवा शाळेत एक शिवणकामाची टेप ठेवा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० च्या वर असेल, वय पस्तिशीच्या पुढे असेल, आई-बापांना शुगर असेल, अंगमेहनत कमी असेल, तर त्या माणसाला तपासणीला न्या. तहान, वारंवार लघवी आणि वजन घटणे ही लक्षणे दिसली, तर मात्र कंबर न मोजताच न्या. तीस वर्षांवरील माणसांचा तपासणी अर्ज आशाताई भरतात. आपल्या वस्तीतील एकही घर त्यातून सुटू देऊ नका. पूर्वी मजुरीत ज्वारी मिळे. आता शेतात सोयाबीन आणि रेशनवर गहू-तांदूळ. ज्वारी हे औषध नव्हे, पण ताटात भात कमी आणि डाळ-भाजी जास्त हवी असेल तर डाळ परवडली पाहिजे. ही मागणी आहाराची आहे तशी हक्काचीही आहे.

अशा गटकामाने सारे सुटेल, असे मी म्हणत नाही. केरळात ६० मतदान विभागांतील १००७ लोकांवर, त्यांच्यातूनच गटप्रमुख निवडून असा प्रयोग झाला. दोन वर्षांत मधुमेह गटकामाच्या विभागांत १४.९ टक्क्यांना आणि इतरत्र १७.१ टक्क्यांना झाला. फरक एवढा लहान की तो केवळ योगायोगाचाही असू शकतो, असे २०१८ साली संशोधकांनी स्वतःच नमूद केले. असे सांगण्याचा प्रामाणिकपणा पुडीवाल्यापाशी नसतो, म्हणूनच मी संशोधकाचे ऐकतो.

कोणी उपचार सांगितला, तर तीन प्रश्न विचारा. हे कोणावर पाहिले? कशाशी तुलना केली? किती दिवस, काय मोजले? मी दादाच्या वेळी हे विचारले नाहीत. माझ्या वर्गातली मुले आता घरी जाऊन विचारतात.