पेटीचा गंधार
(द्वितीय वर्ष, कला)

आपल्याकडे दोन म्हणी आहेत. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही एक आणि 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' ही दुसरी. पहिली म्हण साधनाला दोष देणाऱ्याची थट्टा करते. दुसरी सांगते की मुळात जे नाही ते कितीही ओढले तरी वर येणार नाही. वाद्याच्या बाबतीत यातली कोणती खरी? वादकाने निर्दोष वाद्याच्या शोधात राहावे, की हाती आहे त्यावर भागवावे? या प्रश्नाशी माझी गाठ पडली ती आमच्या गावच्या भजनी मंडळाच्या पेटीमुळे. माझ्याकडून एक आगळीक घडली आणि मगच मला विचार करणे भाग पडले. ती हकिगत पुढे येईलच. आधी पेटीचे शास्त्र थोडक्यात पाहू.

पेटी म्हणजे हार्मोनियम. हे वाद्य मूळचे आपले नाही. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने 1842 साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते वाद्य खुर्चीवर बसून दोन्ही पायांनी भाता मारत वाजवायचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या कारागिरांनी त्याला जमिनीवर बसवले, भाता मागच्या बाजूला आणून डाव्या हाताकडे दिला आणि उजवा हात पट्ट्यांवर मोकळा ठेवला. बैठकीत मांडी घालून गाणाऱ्यांच्या देशात हे वाद्य मग असे रुजले, की आज भजन, कीर्तन, लावणी, नाट्यगीत, कव्वाली यांतले काहीही पेटीवाचून सुनेसुने वाटते.

पेटीच्या पोटात पितळेच्या बारीक पात्या असतात. त्यांनाच कारागीर 'सूर' म्हणतात. गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर प्रसिद्ध आहेत. भात्याची हवा पातीखालून गेली की पाती थरथरते आणि स्वर निघतो. पातीचे टोक किंचित घासले की स्वर चढतो आणि बुडाशी घासले की उतरतो. एकदा जुळवलेला स्वर मात्र तिथेच राहतो. सतारीचा स्वर तार ओढून वर नेता येतो, गळ्याचा तर हवा तसा वळतो. पेटीला ती सोय नाही. आडात जे भरले असेल तेच पोहऱ्यात येणार.

आता आडात काय भरलेले असते ते पाहू. समजा आपला षड्ज सेकंदाला 240 कंपनांचा आहे. वरचा षड्ज त्याच्या दुप्पट, म्हणजे 480. पंचम दीडपट, म्हणजे 360. शुद्ध गंधार सव्वापट, म्हणजे 300. सव्वापट, दीडपट, दुप्पट ही सोपी प्रमाणे कानाला गोड लागतात, कारण अशा स्वरांची कंपने ठरावीक फेऱ्यांनी एकमेकांशी जुळत राहतात. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली, तर तिच्या स्वतःच्याच नादात काही वेळाने गंधार ऐकू येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. खर्ज 120 कंपनांचा असला, तर त्याची पाचपट म्हणजे 600 कंपने होतात, आणि तोच हा गंधार. तो कोणी लावावा लागत नाही.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पेट्यांमधला गंधार मात्र 300 चा नसतो. पेटी जुळवण्याची पद्धत युरोपातून आली आहे. तीत षड्जापासून वरच्या षड्जापर्यंतच्या अंतराचे बारा अगदी सारखे भाग करतात. प्रत्येक पट्टी मागच्या पट्टीच्या सुमारे 1.0595 पट. हा हिशेब केला की पंचम 359.6 येतो. हा फरक कळणारसुद्धा नाही. पण गंधार 302.4 येतो, धैवत 400 ऐवजी 403.6 आणि निषाद 450 ऐवजी 453. कोमल गंधार उलट उतरतो : 288 ऐवजी 285.4. एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असे मलाही वाटले होते. महाविद्यालयातल्या संगीताच्या बाईंनी तंबोरा लावून त्याशेजारी पेटीचा गंधार दाबून धरायला सांगितला. तंबोऱ्याचा स्वयंभू गंधार 600 वर, तर पेटीच्या गंधाराचा वरचा नाद सुमारे 605 वर. सेकंदाला जवळजवळ पाच वेळा आवाज हेलकावे खात होता. दोन माणसे एकाच दारातून एकदम आत शिरू पाहतात तसे ते वाटत होते. एकदा ते कानाला कळले की पुन्हा न कळल्यासारखे करता येत नाही.

हा दोष जाणकारांना फार पूर्वीच खटकला होता, आणि तो दूर करण्याचा मोठा प्रयत्न कृष्णाकाठच्याच एका माणसाने केला याचा मला अभिमान वाटतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी तारांवर प्रयोग करून बावीस श्रुतींची कंपने ठरवली आणि 1910 साली हिंदू स्वरसप्तक व बावीस श्रुती या विषयावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या प्रयोगांत खांसाहेब अब्दुल करीम खां यांचे साहाय्य होते. ई. क्लेमंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाने या कामात रस घेतला आणि बावीस श्रुतींची पेटी तयार करवण्यात आली. 1916 साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथेही श्रुतींचा हा वाद गाजला. पण गवई आणि शास्त्रकार यांचे एकमत झाले नाही. एका रागाचा कोमल ऋषभ दुसऱ्या रागात तसाच्या तसा लागत नाही. दरबारी कानड्याचा कोमल गंधार तर एका जागी उभाच राहत नाही, तो झुलतो. बावीसच काय, चाळीस पट्ट्या केल्या तरी झोका पट्टीवर कसा बसवणार?

दुसरी अडचण साध्या गुणाकाराची आहे, आणि ती मला सर्वांत मौजेची वाटते. समजा एखाद्याने पेटी शुद्ध प्रमाणांत जुळवून घेतली : सा 240, रे 270, ध 400. काही वादक आपल्या षड्जाला धरून अशी जुळणी करून घेतातही. तिला 'गांधार ट्यूनिंग' म्हणतात. त्या षड्जावर ही पेटी अमृतासारखी गोड वाजेल. पण उद्या दुसरा गवई आला आणि म्हणाला, 'माझा सूर वरचा आहे, तुमच्या ऋषभाला मी षड्ज करतो,' तर? 270 ची दीडपट होते 405. पेटीत आहे 400. म्हणजे या गवयाचा पंचमच बेसूर! गंधार सुधारायला गेलो आणि पंचम गमावून बसलो. सारख्या अंतरांच्या पेटीत मात्र कोणतीही पट्टी षड्ज करा, सगळीकडे सारखाच थोडाथोडा दोष. एकाला पूर्ण न्याय आणि बाकीच्यांवर अन्याय करण्याऐवजी सगळ्यांवर किंचित अन्याय करावा, असा हा तोडगा आहे. काळी एकपासून पांढरी पाचपर्यंत दर गवयाची पट्टी वेगळी असणाऱ्या भजनी मंडळाला दुसरे काय परवडणार?

अलीकडच्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी नव्या रचनेने सिद्ध केली. रागाप्रमाणे कोणती श्रुती हवी ती खुंट्यांनी आधी निवडायची आणि मग नेहमीसारखे वाजवायचे. हा प्रयत्न मोलाचा आहे. पण त्यातही एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड काढता येत नाही. ती पेटीच्या जातीतच नाही. निर्दोष पेटीच्या दिशेने कितीही चालले तरी शेवटचा टप्पा उरतोच.

मग पेटी टाकूनच द्यावी का? तोही प्रयोग झाला आहे. 1940 साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. रवींद्रनाथ ठाकुरांसारख्यांचे मतही पेटीच्या विरुद्ध होते. ही बंदी सुमारे तीन दशके टिकली आणि मग हळूहळू सैल झाली. या काळात पेटी मेली का? उलट, रेडिओबाहेरच्या मैफलींत ती अधिकच बहरली. गोविंदराव टेंबे यांच्यानंतर पी. मधुकर, बेळगावचे रामभाऊ विजापुरे, अप्पा जळगावकर, गोव्याचे तुळशीदास बोरकर अशा वादकांनी याच सदोष वाद्यातून असे काही काढले, की ऐकणाऱ्याला दोषाची आठवण राहू नये. हे त्यांनी कसे केले, याचे उत्तर मला पुस्तकात सापडले नाही. ते आमच्या गावात सापडले.

आता माझी आगळीक सांगतो. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. पहिल्या वर्षी ग्रंथालयात श्रुतींवरचे एक पुस्तक हाती लागले आणि ते मी अधाशासारखे वाचले. सुटीत गावी गेलो, तर एकादशीचे भजन होते. माझे चुलत आजोबा, त्यांना सगळे आण्णा म्हणतात, मंडळात पेटी धरतात. शाळा त्यांनी दुसरीतच सोडली. मीही लहानपणी त्यांच्याच मांडीशी बसून पट्ट्या ओळखायला शिकलो. भजन संपल्यावर प्रसाद वाटत असताना मी चारचौघांत म्हणालो, "आण्णा, तुमच्या पेटीचा गंधार चढा आहे. शास्त्राप्रमाणे ही पेटीच चुकीची आहे." लोक माझ्याकडे कौतुकाने बघू लागले. पोरगा कॉलेजात शिकतोय! आण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी भात्याची कडी लावली आणि पेटीवर फडके टाकले.

पुढच्या एकादशीला पेटी देवळात आली नाही. टाळ होते, मृदंग होता, वीणा होती. पण अभंग उचलताना दर खेपेला सूर वेगळ्याच जागी लागत होता, आणि लहान पोरे तर मागे पडत होती. ही गोष्ट घरून आलेल्या पत्रात मला कळली. त्या पत्रात आणखी एक वाक्य होते : 'आण्णा म्हणतात, आता शिकलेली माणसं वाजवतील.'

मी त्या शनिवारीच गावी गेलो. आण्णा गोठ्यात होते. क्षमा मागायला शब्द सुचेनात, म्हणून मी बाईंनी दाखवलेला तंबोऱ्याचा प्रयोगच सांगत बसलो. त्यांनी तो नीट ऐकून घेतला आणि म्हणाले, "आरं पोरा, गंधार चढा हाय ते मला ठावं न्हाय व्हय? चाळीस वर्सं ऐकतोय की. म्हणून तर मी त्यावर बोट बसवत न्हाय. नुसतं लावतो आन् सोडतो. गळा त्या जागी थांबला की मी भाता हलका करतो, सा धरून ठेवतो. गाणाऱ्याचा गंधार गाणाऱ्यानं लावावा. पेटीनं त्याला घर दाखवायचं."

चार वाक्यांत आण्णांनी सारे सांगून टाकले. नंतर मी नामवंत वादकांची साथ मुद्दाम कान देऊन ऐकली. तिथेही हेच दिसले. जिथे पेटी खरी तिथे ती ठामपणे वाजते, म्हणजे षड्जावर, मध्यमावर, पंचमावर. जिथे ती अपुरी तिथे बोट हलके होते, कणस्वराचा स्पर्श देऊन निघून जाते. वाद्याची उणीव वादकाने मनात मोजून ठेवलेली असते. देवलांनी जी उणीव कंपनांत मोजली, तीच आण्णांनी बोटांत मोजली होती. मी फक्त वाचली होती.

म्हणून 'आहे त्यात भागवा' असा सरसकट निष्कर्ष मात्र मी काढणार नाही. 'चालतंय' म्हणण्यालाही एक खालची मर्यादा हवी. आमच्या पेटीचा भाता दोन ठिकाणी फाटला होता, कोमल धैवताची पट्टी दाबली की वर येत नव्हती आणि दोन सूर आपसांतच भांडत होते. हे दोष कोणत्याही बोटाला झाकता येत नाहीत. ते सहन करणे हा निव्वळ आळस आहे. आण्णा आणि मी पेटी मिरजेला नेली. कारागिराने भात्याला नवे चामडे लावले आणि सूर घासून जुळवले. नव्या पेटीसाठी मंडळाने वर्गणी काढावी, असा माझा आधीचा बेत होता. दुरुस्तीला त्याचा लहानसा हिस्सा पुरला. गंधार अजून चढाच आहे, आणि तो तसाच राहणार.

उपयोग कोणता, हेही पाहिले पाहिजे. तंबोऱ्याच्या शांत मैफलीत जो दोष ठसठसतो, तो टाळ-मृदंगाच्या गजरात जाणवत नाही. तिथे वीस गळ्यांना एका षड्जावर आणणारा मोठा आवाज हवा असतो, आणि ते काम पेटी चोख करते. निर्दोष वाद्याचा शोध घेणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा. देवलांसारखी माणसे नसती तर दोष नेमका कुठे आहे हे आपल्याला कळलेच नसते. पण त्या शोधाच्या नावावर रियाज पुढे ढकलू नये, आणि दुसऱ्याची पेटी तर मुळीच बंद पाडू नये.

गेल्या आषाढी एकादशीला पेटी पुन्हा देवळात होती. अर्ध्या रात्री आण्णांनी ती माझ्यापुढे सरकवली. मी भाता धरला. पहिल्याच अभंगात माझे बोट गंधारावर जरा जास्त रेंगाळले. आण्णांनी मान न वळवताच हाताने खूण केली : सोड.