वैद्यकीय शिक्षणाचा अर्ज

अर्ज म्हणजे विनवणी, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. म्हणून कित्येक अर्ज नम्र विशेषणांनीं भरलेले असतात. वस्तुतः अर्ज हें निवेदन होय. अर्जदार कोण, त्यास काय हवें, कशासाठीं हवें, आणि तो पात्र कशावरून, या चार प्रश्नांचें सरळ उत्तर म्हणजे अर्ज.

याचा उत्तम नमुना मराठी घरांतच सांपडतो. आनंदीबाई जोशी १८८३ च्या जूनमध्यें अमेरिकेस पोंचल्या. वय अवघें अठरा. त्याच महिन्याच्या २८ तारखेस त्यांनीं फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठीं पत्र लिहिलें. त्यांत तीन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत.

पहिली, हेतु. स्वदेशांतील स्त्रिया पुरुष डॉक्टरचे उपचार घेण्यापेक्षां मरण पत्करतात, त्यांस खरें वैद्यकीय साह्य मिळावें म्हणून आपण आलों, असें त्यांनीं लिहिलें. चौदाव्या वर्षीं झालेलें त्यांचें मूल दहा दिवसांतच गेलें होतें; त्यामुळें हा हेतु पुस्तकी नव्हता. ‘वैद्यकाची आवड आहे’ असें कोणीही लिहील. कोणाचें कोणतें दुःख दूर करावयाचें, हें सांगणारा विरळा. दुसरी गोष्ट, उणिवेची कबुली. प्रवेशाच्या साऱ्या अटी आपण पुऱ्या करूं असें नाहीं, हें न लपवितां त्यांनीं सवलत मागितली. तिसरी, पुरावा. निश्चयाचा नुसता उच्चार न करतां, स्वकीयांचा व जातीचा विरोध सोसून आपण येथवर आलों, ही घडलेली गोष्ट त्यांनीं पुढें ठेवली. प्रवेश मिळाला, आणि ११ मार्च १८८६ रोजीं त्या डॉक्टर झाल्या.

आजचा अर्ज निराळा. आपल्या देशांत एम्. बी. बी. एस्. चा प्रवेश नीट परीक्षेच्या गुणांवर होतो. हेतु कोणी विचारीत नाहीं. परंतु अर्जदार कोण व पात्र कशावरून, हे प्रश्न कायम आहेत, आणि त्यांचीं उत्तरें दाखल्यांनीं द्यावीं लागतात. सिंधुदुर्गांत ओरोस येथें २०२१-२२ पासून शंभर जागांचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. मालवण-वेंगुर्ल्याच्या मुलांस ही मोठीच सोय. पण महाविद्यालय दाराशीं आलें म्हणून अर्ज आपोआप भक्कम होत नाहीं.

शासकीय महाविद्यालयांतील शेंकडा ८५ जागा राज्याच्या वांट्याच्या असतात. त्यांसाठीं अधिवासाचा दाखला तर लागतोच. शिवाय कांहीं अपवाद सोडल्यास दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रांतून उत्तीर्ण व्हावें लागतें. बांदा किंवा दोडामार्गकडील मुलगी, जवळचें म्हणून, गोव्यांत अकरावीस गेली, तर चांगले गुण मिळवूनही ती या जागांस मुकण्याचा संभव असतो. म्हणजे अर्जाचा पहिला शब्द दहावीच्या सुट्टींतच लिहिला जातो! त्या वेळीं प्रवेशाची माहितीपुस्तिका घरांत वडिलधाऱ्यांनीं वाचावी.

राखीव जागेसाठीं जातपडताळणीचें प्रमाणपत्र लागतें. त्याच्या चौकशीस पणजोबा-आजोबांचे जुने दाखले धुंडाळावे लागतात आणि वेळ जातो. म्हणून तें काम अकरावींतच हातीं घ्यावें. कोंकणांत एकाच कुटुंबाचें आडनांव शाळेच्या रजिस्टरांत एक आणि जमिनीच्या कागदांत दुसरें असणें नवलाचें नाहीं. जन्मदाखला, शाळेचा दाखला व गुणपत्रिका एकत्र ठेवून नांवाचें अक्षरन् अक्षर ताडून पाहावें, आणि फरक आढळल्यास तो परीक्षेपूर्वींच दुरुस्त करून घ्यावा.

परदेशीं मात्र अनेक महाविद्यालयें आजही हेतूचें निवेदन लिहून मागतात. तेथें आनंदीबाईंचाच क्रम धरावा: आधीं कोणाची सेवा करावयाची तें, मग आपली उणीव, मग प्रत्यक्ष केलेलें काम. विशेषणें गाळून जें उरेल, तेवढाच खरा अर्ज समजावा.