सतत पाणी मागणारं बाळ

दीड-दोन वर्षांचं मूल उन्हाळ्यात वरचेवर पाणी मागतं, त्यात नवल नाही. काहींना तर सिपरचा चाळाच लागतो. तहान नसली तरी तो तोंडात हवा.

पण मूल रात्री उठून घटाघटा पाणी पितं, सकाळी डायपर जड होऊन ओघळतो, खाऊनपिऊनही वजन उतरतं, तेव्हा टाइप 1 मधुमेहाची शंका घ्यायलाच हवी. इन्सुलिनअभावी रक्तात साचलेली साखर लघवीवाटे पाणी ओढून नेते आणि घसा पुन्हा कोरडा पडतो. कधी लघवीच्या जागी लागलेल्या मुंग्याच आधी दिसतात.

बोटातून रक्ताचा एक थेंब, काही सेकंदांत साखरेचा आकडा! तो 200 mg/dL च्या वर गेला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. उलट्या किंवा धाप असेल तर क्षणही दवडू नका. आणि तोवर बाळाचं पाणी तोडू नका.