भांगेचा महसूल आणि चार वर्षांचे मूल

धुळवडीच्या सायंकाळी चार वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आणला गेला. डोळ्यांवर झापड, पावले अडखळती, नाडी वेगवान. ताप नसतानाही मेंदूज्वराच्या शंकेने मी पाठीतून पाणी काढण्याची तयारी चालविली होती. इतक्यात आजी खालच्या आवाजात म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मोठ्यांसाठी आणलेली बर्फी त्याने खाल्ली." बर्फीत भांग होती. तिच्यावर उतारा नाही. श्वासावर लक्ष ठेवून रात्र काढली. सकाळी मुलाने पोहे मागितले.

भांग सर्वस्वी बेकायदा नाही. अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा गांजा व चरस यांना लागू होतो. शेंडे वगळून राहणारी पाने आणि बिया त्याच्या व्याख्येबाहेर आहेत. (हा कायदा अमलात आला १४ नोव्हेंबरला, बालदिनी! बालरोगतज्ज्ञाने हा योगायोग कसा विसरावा?) त्यामुळे मध्यप्रदेशात अबकारी खात्याच्या परवान्याने भांगेची दुकाने चालतात.

आपल्या परिसराला हा व्यवहार नवा नाही. बऱ्हाणपूर ज्या जुन्या निमाड जिल्ह्यात होते, त्याच जिल्ह्यातील खंडव्याच्या आसपास इंग्रजी अमदानीत मध्यप्रांताची परवान्याची गांजाशेती होती. १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने सुमारे बाराशे साक्षी घेऊन संपूर्ण बंदी अनावश्यक ठरविली आणि परवाने, मर्यादित दुकाने व कर हा मार्ग सुचविला. महसुलाची ती घडी आजही ओळखीची वाटते.

अमेरिकेतील कोलोरॅडोत १ जानेवारी २०१४ पासून गांजाची खुली विक्री सुरू झाली. तेथे दुकाने असावीत की नसावीत, किती व कोठे असावीत, हे प्रत्येक शहर ठरविते. स्थानिक करही बसविते. तथापि केवळ कराने मुले वाचत नाहीत. अमेरिकेत सहा वर्षांखालील मुलांनी गांजायुक्त खाऊ खाल्ल्याच्या विषबाधा केंद्रांकडील नोंदी २०१७ मध्ये २०७ होत्या, त्या २०२१ मध्ये ३,०५४ झाल्या. कॅनडाने अशा खाऊच्या एका वेष्टनात दहा मिलिग्रॅमच टीएचसीची मर्यादा घातली असून, ते वेष्टन मुलांना सहज उघडता येऊ नये असा नियम केला आहे.

आपल्या त्या बर्फीवर ना मात्रा, ना इशारा. राज्यघटनेनुसार भांगेवरील अबकारी कर राज्याचा. मुलाची खाट मात्र बऱ्हाणपुरात. मी बंदीच्या बाजूचा नाही. शिवरात्र आणि होळी कायद्याने थांबत नाहीत, आणि बंदीने माल चोरवाटेने येईल. पण परवान्याच्या अटींत बंद वेष्टन, मात्रेचा उल्लेख आणि शाळांपासून अंतर यावे, जागा ठरविताना नगर निगमाचे मत घेतले जावे, आणि महसुलाचा काही अंश जिल्हा रुग्णालयाच्या बालविभागास मिळावा, एवढे मागणे अवाजवी नव्हे.

येत्या होळीस आपल्या संस्थेतील प्रत्येक दवाखान्याने एक वही ठेवावी. नाव नको, वय, पदार्थ, लक्षणे आणि वेळ पुरे. जिल्हाधिकाऱ्यांकडे जाताना ती वही आपल्या हाती असेल.