पुणे डिव्हिजन : मांडणी आणि मोडणी

सातारा, रत्नागिरी, पुणे या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत चावडीपाशी किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली एक लहानशी दगडी पाटी आढळते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके लोक गेले आणि त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच तिच्यावर मजकूर. आकडे असतात, नावे बहुधा नसतात. अशाच एका गावचा विद्यार्थी मला एकदा वर्गात म्हणाला, "सर, आमच्या गावचे लोक गेले, ते पलटणीत गेले म्हणतात. पण पलटण कशात होती? तिला कोण कुठे नेत होतं? तिला खायला कोण घालत होतं?" प्रश्न साधा होता, पण लाखमोलाचा होता. त्याचे उत्तर मी त्याला जे दिले, तेच आज आपल्यापुढे थोडे विस्ताराने मांडतो. त्यासाठी आपल्याच मुलखाचे नाव घेऊन परदेशी गेलेल्या एका सैन्याचे उदाहरण घेऊ. ते सैन्य म्हणजे सहावी पुणे डिव्हिजन.

आता, डिव्हिजन म्हणजे काय? आपण आषाढीच्या वारीतली दिंडी पाहतो. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, वीणेकरी, तुळशीवाल्या बाया. आपले लक्ष तेवढ्यावरच जाते. पण दिंडीच्या मागे पाण्याची सोय असते, राहुट्यांचे सामान असते, भाकरी भाजणारी माणसे असतात, पायाला फोड आले तर औषध देणारे असतात. ही मागची व्यवस्था दोन दिवस थांबली, तर टाळकऱ्याच्या गळ्यात कितीही गोडवा असो, दिंडी पुढच्या मुक्कामाला पोचायची नाही. डिव्हिजनचेही तसेच आहे. आपल्या बळावर चालेल, लढेल, खाईल, जखमींना सांभाळेल अशी सैन्याची एक पुरी मांडणी म्हणजे डिव्हिजन.

लॉर्ड किचनेर हे १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती होते. त्यांनी हिंदी सैन्याची नवी रचना केली आणि ठिकठिकाणच्या छावण्यांची नावे घेऊन डिव्हिजनी आखल्या. पुण्याची ती सहावी. तिच्यात तीन ब्रिगेडी होत्या. सोळावी ब्रिगेड पुण्याची, सतरावी अहमदनगरची आणि अठरावी बेळगावची. एकेका ब्रिगेडमध्ये चार पलटणी, म्हणजे तीन चोक बारा पलटणी झाल्या. चारांपैकी एक पलटण गोरी आणि तीन हिंदी, असा दंडकच होता. १८५७ च्या उठावाची धास्ती सरकारच्या मनातून गेलेली नव्हती, हे त्याचे कारण. मैदानी तोफखानाही त्याच धास्तीने गोऱ्यांच्याच हाती ठेवलेला. हिंदी गोलंदाजाला मिळत ती खेचरांच्या पाठीवरून न्यायची डोंगरी तोफ.

आता गंमत बघा. या तिन्ही ब्रिगेडींत एकेक मराठा पलटण होती. पुणे ब्रिगेडमध्ये ११७ वी, नगरच्या ब्रिगेडमध्ये १०३ री आणि बेळगावच्या ब्रिगेडमध्ये ११० वी. हे आकडे एवढे मोठे कसे? मुंबई इलाख्याच्या जुन्या पलटणींच्या क्रमांकात १९०३ साली शंभर मिळवले गेले, म्हणून तिसरीची १०३ री झाली आणि दहावीची ११० वी. मराठ्यांबरोबर या पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. बाकीच्या हिंदी पलटणी पंजाबी, रजपूत आणि राजपुतान्याकडच्या. एका हिंदी पलटणीत सुमारे साडेसातशे माणूस. त्याच्या आठ कंपन्या, आणि दोन-दोन कंपन्या जोडून चार 'डबल कंपन्या'. सगळ्या पलटणीला मशीनगनी मात्र दोनच. शिपायाला महिना अकरा रुपये पगार. त्याच्यावर नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार, आणि सर्वांवर सुभेदार-मेजर. पण वीस-पंचवीस वर्षे नोकरी झालेला सुभेदार-मेजर घेतला, तरी तो कालपरवा विलायतेहून आलेल्या पोरसवदा गोऱ्या लेफ्टनंटाच्या हाताखालीच. पलटण चालवायची ती मूठभर गोऱ्या अधिकाऱ्यांनी; आपल्या अधिकाऱ्याला ते शिक्षणच दिले जात नसे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिची किंमत द्यावी लागली.

या बारा पलटणींखेरीज डिव्हिजनचा म्हणून वेगळा सरंजाम असे. टेहळणीला ३३ वा रिसाला, मैदानी तोफखाना, रस्ते व खंदक करणारी ४८ वी पायोनिअर पलटण, आणि पूल बांधणाऱ्या सॅपर्सच्या दोन कंपन्या. हे सॅपर्स आपल्या खडकीचे. तारायंत्राची तुकडी होती, फिरते दवाखाने होते. आणि या सगळ्यांबरोबर असत ते 'फॉलोअर', म्हणजे अनुचर : पाणी देणारे भिस्ती, जखमींच्या डोल्या उचलणारे कहार, स्वयंपाकी, धोबी, मोची, सफाई कामगार, जनावरांची निगा राखणारे. यांच्या हाती बंदूक नसे, पण गोळी तर त्यांनाही लागे. पगार आणि पेन्शन मात्र शिपायापेक्षा कमी.

अशी ही मांडणी. ती युद्धात कशी उतरली ते आता पाहू.

१९१४ च्या ऑक्टोबरात सोळावी ब्रिगेड मुंबई बंदरातून निघाली. तुर्कस्तानशी युद्ध पुकारले गेले ५ नोव्हेंबरला, आणि दुसऱ्याच दिवशी ही ब्रिगेड इराणी आखाताच्या टोकाला फाव येथे उतरली. आज ज्याला आपण इराक म्हणतो, तो हा मुलूख. त्या वेळी तो तुर्की साम्राज्यात होता. तेलाच्या नळांचे आणि आखाताचे रक्षण करावे, एवढाच पहिला बेत. मागून उरलेल्या ब्रिगेडी आल्या. नोव्हेंबरअखेर बसरा हाती आले, डिसेंबरात कुर्ना आले. १९१५ च्या एप्रिलमध्ये शैबा येथे तीन दिवस निकराची लढाई होऊन तुर्कांचा हल्ला मोडला. त्याच महिन्यात जनरल टाउनशेंड डिव्हिजनचे सेनापती झाले. पुरामुळे कुर्नाच्या पुढचा प्रदेश म्हणजे समुद्रच झाला होता. तेव्हा 'बेलम' नावाच्या लांबट होड्यांत बसून, बांबूंनी त्या रेटीत, आपले शिपाई लढाईला गेले. ३ जूनला अमारा पडले आणि २८ सप्टेंबरला कूत.

विजयामागून विजय मिळत होता. मग बिघडले कुठे? बिघडले ते मागच्या बाजूला.

त्या मुलखात त्या वेळी ना धड रस्ता, ना आगगाडी. जे काही न्यायचे ते तैग्रिस नदीतून, आणि नदी उन्हाळ्यात उथळ. बसऱ्याला जहाजे लागायला धक्कादेखील नव्हता. भर प्रवाहात उभ्या राहिलेल्या बोटींतून होड्यांत माल उतरवायचा. उथळ पाण्यात चालणाऱ्या आगबोटी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. डिव्हिजन जसजशी पुढे जाई, तसतशी एकेका बोटीची खेप लांबत जाई. आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. एका बैलगाडीने मळ्यातला ऊस गुऱ्हाळात नेता येईल. त्याच गाडीने तो चार मजलांवरच्या बाजारी न्यायचा म्हटले, तर निम्मा ऊस शेतातच वाळेल. माणसे वाढली, अंतर वाढले, पण गाड्या तेवढ्याच!

सेनापती टाउनशेंड यांनी पुढे जाण्याच्या धोक्याची लेखी सूचना वरिष्ठांना दिली होती. पण बगदादसारख्या नामांकित शहराचा मोह वरच्यांना सुटला नाही. इंग्रजांना गॅलिपोलीत अपयश येत होते. कुठेतरी जयघोष हवा होता. डिव्हिजन पुढे निघाली आणि २२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे तिची गाठ तुर्कांशी पडली. पहिली फळी आपल्या लोकांनी घेतली खरी, पण घेतलेले राखण्याला माणूस उरला नाही. साडेचार हजारांच्या आसपास मृत आणि जखमी झाले. गोरे अधिकारी पडले तिथे पलटणी पोरक्या झाल्या, कारण सुभेदारांना पलटण चालवायला शिकवलेच नव्हते!

आणि जखमी? त्यांच्यासाठी रुग्णगाड्या नव्हत्या. बिनस्प्रिंगच्या खेचरगाड्यांत, मोडलेल्या हाडांनी, त्यांना नदीपर्यंत आणले. तिथून दाटीदाटीने बोटींत घालून बसऱ्याला पाठवले, आणि त्या प्रवासाला कित्येक दिवस लागले. मेजर कार्टर नावाचे एक डॉक्टर बसऱ्याला होते. आलेल्या बोटीवरचे दृश्य पाहून त्यांनी तक्रार केली, तेव्हा वरिष्ठांनी त्यांनाच दटावले. पुढे पार्लमेंटच्या चौकशी आयोगाने ही सारी हकीकत १९१७ साली जगापुढे आणली. त्या अहवालाने एवढे वादळ उठले, की भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

डिव्हिजन माघारी फिरून कूतला आली आणि ७ डिसेंबर १९१५ रोजी वेढ्यात सापडली. वेढा पुढच्या एप्रिलअखेरपर्यंत चालला. गावात सुमारे सहा हजार रहिवासीही होते. धान्य आटू लागले, तेव्हा घोडे मारून त्यांचे मांस देण्यात येऊ लागले. गोऱ्या शिपायांनी ते खाल्ले, पण आपल्या बहुतेकांनी, हिंदू असोत की मुसलमान, नकार दिला. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची अनुज्ञा बिनतारी संदेशाने मागवली, ती आलीही. तरी शिपाई कचरत. का? 'धर्मगुरू ठीक म्हणाले, पण गावाकडचे काय म्हणतील? परत गेल्यावर पंगतीला घेतील का? पोरीबाळींची लग्ने होतील का?' हजार कोसांवर उपाशी बसलेल्या माणसाला तुर्कांच्या गोळीपेक्षा आपल्याच चावडीचे भय अधिक वाटत होते. त्यामुळे आपल्या लोकांत स्कर्व्ही फैलावली, अंगातली ताकद गेली. शेवटी शेवटी अनेकांनी ते मांस खाल्ले, पण तोवर उशीर झाला होता.

सोडवणुकीला नव्या डिव्हिजनी निघाल्या, त्यांत मीरत आणि लाहोर या डिव्हिजनी फ्रान्सहून आल्या. पण त्या आल्या तुकड्या-तुकड्यांनी. पलटण एका बोटीत, तिच्या गाड्या मागच्या बोटीत, दवाखाना आणखी मागे. डिव्हिजनचे नाव पोचले, डिव्हिजन पोचली नाही! तशाच अवस्थेत त्यांना चिखलातून तुर्की खंदकांवर घातले. कूतमधले लोक सोडवण्याच्या या धडपडीत २३ हजारांच्या आसपास मृत व जखमी झाले, म्हणजे सोडवायचे होते त्यांच्याहूनही अधिक. २९ एप्रिल १९१६ रोजी कूतने शरणागती दिली.

त्या दिवशी कैद झालेल्यांची मोजदाद उपलब्ध आहे. गोरे अधिकारी २७७, हिंदी अधिकारी २०४, गोरे शिपाई २,५९२, हिंदी शिपाई ६,९८८ आणि अनुचर ३,२४८. एकूण १३,३०९. यातला शेवटचा आकडा पुन्हा ऐका. दर चार माणसांत एक असा होता, की ज्याच्या हाती कधी बंदूक नव्हती. या कैद्यांना वाळवंटातून चालवत नेले, पुष्कळांना रेल्वेच्या कामाला जुंपले. त्यांतले हजारो पुन्हा घरी आले नाहीत.

गोष्ट इथे संपत नाही. हार झाल्यावर सरकारला जाग आली. बसऱ्याला धक्के बांधले, आगगाडीचे रूळ टाकले, नदीत नव्या बोटी आणल्या, रुग्णनौका आणि इस्पितळे उभी केली. या कामावर हिंदुस्थानातून हजारो मजूर आणि हमाल नेण्यात आले. मग जनरल मॉड यांचे सैन्य पुढे सरकले आणि ११ मार्च १९१७ रोजी बगदादमध्ये शिरले. नदी तीच, ऊन तेच, शत्रू तोच आणि शिपाईही आपल्याच हिंदुस्थानचा. फरक पडला तो मागच्या मांडणीत. पुणे डिव्हिजनचे शिपाई शौर्यात कमी पडले नव्हते; त्यांच्यामागे जी बोट, जी गाडी, जी डोली असायला हवी होती, ती दिली गेली नव्हती. ते युद्ध आपल्या देशाचे नव्हते. ते कुठवर न्यायचे हे ठरवण्यात आपल्या माणसाला विचारणा नव्हती. मरण तेवढे त्याच्या वाट्याचे.

त्या तिन्ही मराठा पलटणी १९२२ नंतर एकाच रेजिमेंटमध्ये आल्या. आज ती मराठा लाइट इन्फंट्री म्हणून ओळखली जाते आणि तिचे केंद्र बेळगावला आहे. जुनी १०३ री ती आजची पहिली पलटण, 'जंगी पलटण'. बसऱ्याजवळ त्या युद्धातल्या मृतांचे मोठे स्मारक उभारले गेले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. पण साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्याच दिली. गावच्या पाटीवर आकडा आणि परदेशच्या स्मारकावरही आकडा.

म्हणून, शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या गावी अशी पाटी असेल तर एक दिवस मुलांना घेऊन तिच्यापाशी जा. हे गेलेले लोक कोण होते, ते जुन्या घरांतून विचारायला सांगा. कुणाकडे बिल्ला निघेल, कुणाकडे पेन्शनीचा कागद निघेल, कुणाला आजीने सांगितलेली एखादी गोष्ट आठवेल. मिळतील ती नावे शाळेच्या वहीत उतरवून घ्या. शिपायाचे नाव लिहाल तसेच भिस्त्याचे लिहा, कहाराचे लिहा, खेचरे हाकणाऱ्याचेही लिहा. माझ्या त्या विद्यार्थ्याने आपल्या गावची यादी करायला घेतली. पहिल्या महिन्यात त्याला चार नावे मिळाली. चौघांपैकी एक पाणक्या होता.